व्यापारातील थकबाकी आणि वाणिज्य न्यायालय : वाचकांचे प्रश्न

बेळगाव, निपाणी, खानापूर आणि आसपासच्या भागातून आलेल्या पत्रांत या वेळी व्यापारातील थकलेल्या येण्याचे प्रश्न इतके होते, की हे सदर पूर्णपणे त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रे संक्षेपाने दिली असून लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न (निपाणी) : आमची तंबाखूची वखार आहे. एका खरेदीदाराकडे २ लाख ७० हजार रुपये मुदत उलटून वर्षभर अडकले आहेत. कर्नाटक सरकारने व्यापाऱ्यांसाठी वेगळा कायदा करून वेगळी कोर्टे काढली, असे ऐकतो. आमचा दावा तिथे चालेल का?

मूळ कायदा राज्याचा नाही, संसदेचा आहे. उच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांची रचना हा विषय १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीत, आला आणि त्याच आधारावर २०१५ साली वाणिज्य न्यायालयांचा केंद्रीय कायदा झाला. तो २३ ऑक्टोबर २०१५ पासून लागू धरला जातो. मात्र ही न्यायालये प्रत्यक्षात स्थापन करण्याचे काम राज्य सरकारचे आहे. उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्य सरकार अधिसूचना काढते आणि कोणत्या दर्जाचे न्यायाधीश, कोणत्या हद्दीतले आणि किती रकमेपासूनचे दावे चालवतील हे तीत ठरते. त्यामुळे आपण ऐकलेले अगदीच चुकीचे नाही, आणि दावा लावण्यापूर्वी वकिलांनी लागू असलेली अधिसूचना पाहिलीच पाहिजे.

सुरुवातीला या न्यायालयांची किमान मर्यादा १ कोटी रुपये होती, म्हणजे आपल्या बाजारपेठेतले बहुतेक व्यापारी दाराबाहेरच राहिले होते. २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आणली गेली आणि ३ मे २०१८ पासून हा कायदा लहान व्यापाऱ्याच्याही कामाचा झाला. राज्याला यापेक्षा अधिक रक्कम ठरवता येते, कमी नाही.

आपली मुद्दल मर्यादेपेक्षा कमी असली तरी दाव्याचे मूल्य मुद्दल आणि दावा लावण्याच्या तारखेपर्यंतचे व्याज मिळून धरतात. खरेदीदाराने मान्य केलेल्या कागदावर दरसाल दर शेकडा १८ असे व्याज असेल, तर वर्षाचे ४८,६०० रुपये होऊन एकूण ३,१८,६०० भरतात आणि दावा वाणिज्य न्यायालयात बसू शकतो. व्याजाचा असा करार नसताना केवळ मर्यादा गाठण्यासाठी दर लावल्यास पहिला आक्षेप तिथेच येईल. रक्कम मर्यादेखाली राहिली म्हणून येणे बुडत नाही. तो दावा नेहमीच्या दिवाणी न्यायालयात चालतो.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : कोल्हापूरच्या एका कंपनीला आम्ही कास्टिंग पुरवतो. १४ लाखांची बिले सात महिने थकली आहेत. बिलाखाली ‘बेळगाव न्यायक्षेत्र’ असे छापलेले आहे. तरीही कोल्हापूरला खेपा घालाव्या लागतील का?

प्रतिवादी जिथे व्यवसाय करतो तिथे, किंवा दाव्याचे कारण पूर्णतः अथवा अंशतः जिथे घडले तिथे दावा लावता येतो. ऑर्डर बेळगावात स्वीकारली गेली असेल, माल इथे ताब्यात दिला असेल किंवा पैसे इथे यायचे ठरले असेल, तर बेळगावच्या न्यायालयाला अधिकार मिळतो. बिलाखालच्या ओळीने मात्र नसलेला अधिकार निर्माण होत नाही. अधिकार असलेल्या दोन-तीन न्यायालयांपैकी एक निवडण्यापुरताच तिचा उपयोग, आणि तोही समोरच्याने ती अट स्वीकारल्याचे दिसत असेल तर. म्हणून ही अट बिलावर छापून न थांबता दोघांच्या सहीच्या पर्चेस ऑर्डरमध्ये घालून घ्यावी.

बेळगावात हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा निकाल) मिळाला तरी कंपनीची मालमत्ता सीमेपलीकडे असल्यास तो अंमलबजावणीसाठी तिकडच्या न्यायालयाकडे पाठवावा लागतो, हे आधीच लक्षात ठेवावे. वरच्या पायरीवरही दोन वाटा होतात. बेळगावचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले तर ते धारवाड खंडपीठासमोर जाते, आणि कोल्हापूरचे प्रकरण ऑगस्ट २०२५ पासून तिथे सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसमोर.

आपल्या कारखान्याची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून पुरवठ्याआधीपासून उद्यम नोंदणी असेल, तर न्यायालयापूर्वी दुसरा मार्ग जरूर तपासावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. खरेदीदार भारतात कुठेही असला तरी पुरवठादार जिथे आहे तिथली सुविधा परिषद, म्हणजे या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणारी संस्था, ही तक्रार ऐकू शकते. सीमेवरच्या कारखानदाराला ही तरतूद फार मोलाची आहे आणि तिचा जितका वापर व्हायला हवा तितका होताना मला दिसत नाही.

प्रश्न (वडगाव, बेळगाव) : आम्ही यंत्रमागावर साड्या विणतो. एका पेढीकडे ६ लाख ४० हजार रुपये येणे आहे. वकील म्हणतात, आधी मध्यस्थी, मग दावा. ज्याने वर्षभर फोन उचलला नाही, त्याच्याशी कसली मध्यस्थी?

आपला वैताग समजू शकतो, पण वकिलांचे म्हणणे बरोबर आहे. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करणे बंधनकारक आहे. पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले आणि २० ऑगस्ट २०२२ पासून, ही पायरी गाळून लावलेला दावा फेटाळला जाऊ शकतो. ती टाळण्यासाठी तातडीचे नुसते निमित्त पुढे केले तर न्यायालय तेही तपासते.

अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो आणि त्याची फी १ हजार रुपये आहे. प्राधिकरण समोरच्याला नोटीस काढते; तो आला नाही तर आणखी एक नोटीस जाते. तरीही तो फिरकला नाही किंवा त्याने नकार दिला, तर प्राधिकरण मध्यस्थी सुरूच होऊ शकली नाही असा अहवाल देते. वकील त्याला ‘नॉन-स्टार्टर’ म्हणतात. तो अहवाल जोडून दावा लावता येतो. म्हणजे फोन न उचलणाऱ्या माणसाला ही प्रक्रिया अडवून धरता येत नाही. तो आला, तर ३ ते १० लाखांच्या वादासाठी मध्यस्थाची फी १५ हजार रुपये असून ती दोघांनी निम्मी निम्मी सोसायची असते. काम तीन महिन्यांत आणि दोघांच्या संमतीने आणखी दोन महिन्यांत आटोपायचे असते. हा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो.

मध्यस्थीचा मी मनापासून पुरस्कार करतो, आणि त्याचे एक कारण आपल्या भागाचे आहे. जिल्हा न्यायालयाचे कामकाज कन्नड आणि इंग्रजीत चालते. मध्यस्थासमोर मात्र दोन मराठी व्यापारी आपल्या भाषेत हिशेब मांडू शकतात, आणि कापड परत किती आले, डागी माल कोणता, सूट किती धरायची, असले तपशील तिथे जितके मोकळेपणाने निघतात तितके साक्षीच्या पिंजऱ्यात निघत नाहीत. शिवाय सहीनिशी झालेल्या तडजोडीला कायद्याने लवादाच्या निवाड्याचा दर्जा दिलेला असल्यामुळे ती मोडणाऱ्याविरुद्ध थेट अंमलबजावणी मागता येते.

प्रश्न (चिक्कोडी) : धाकट्या भावावर एका घाऊक व्यापाऱ्याने वाणिज्य न्यायालयात दावा लावला आहे. समन्स मिळून अडीच महिने झाले. भाऊ म्हणतो, दिवाणी काम आहे, तारखा पडतच राहतात. काळजी करावी का?

होय, आणि आजच. या पानावरचे बाकी काही वाचले नाही तरी चालेल, पण हे उत्तर भावाला वाचून दाखवा.

समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कारण नोंदवून आणि खर्च लावून न्यायालय ही मुदत वाढवू शकते, पण समन्स बजावल्यापासून १२० दिवसांपर्यंतच. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्क संपतो आणि न्यायालयालाही ती दाखल करून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. नेहमीच्या दिवाणी दाव्यात उशीर माफ करण्याची जी सवलत वर्षानुवर्षे मिळत आली, ती इथे नाही. अडीच महिने म्हणजे सुमारे ७५ दिवस गेले. हाती दीड महिना उरला आहे, आणि त्यातही मुदतवाढ मागावी लागणारच.

कैफियतीत ‘वादीचे सर्व म्हणणे नाकबूल’ एवढे लिहून भागत नाही. प्रत्येक विधान का नाकारले, आपली हकिकत काय, हे कारणांसह मांडावे लागते, सत्यतेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि ताब्यातली सगळी कागदपत्रे सोबत जोडावी लागतात, गैरसोयीची असली तरीही. बचावात दम नसेल तर साक्षीपुराव्यापर्यंत न जाता दावा निकाली काढण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. पुढे प्रकरण व्यवस्थापनाच्या (कामाच्या तारखा ठरवणाऱ्या) पहिल्या सुनावणीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपवायचे आणि त्यानंतर ९० दिवसांत निकाल द्यायचा, असे वेळापत्रक कायद्यानेच आखले आहे. कामाच्या ओझ्याने यातल्या काही तारखा पुढे सरकतील, १२० दिवसांची सरकणार नाही. हा कायदा येणे असलेल्याच्या बाजूचा आहे असे मानून अनेक देणेकरी गाफील राहतात. प्रत्यक्षात तो तयारीत असलेल्याच्या बाजूचा आहे, मग तो वादी असो वा प्रतिवादी.

प्रश्न (बेळगाव शहर) : शोरूमसाठी घेतलेल्या मोकळ्या प्लॉटचा वाद तिथे चालेल का?

नाही. स्थावर मालमत्ता व्यापारासाठीच आणि प्रत्यक्ष वापरात असावी लागते, पुढे वापरण्याचा विचार पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अंबालाल साराभाई प्रकरणात सांगितले आहे. हा वाद दिवाणी न्यायालयात न्यावा.

प्रश्न (खानापूर) : आम्ही तिघे भाऊ भागीदारीत बांधकाम साहित्याचे दुकान चालवतो. एका ठेकेदाराकडे साडेपाच लाख येणे आहे. खतावणी मराठीत आहे, सही असलेली बिले थोडी, बाकी सगळे व्हॉट्सॲपवर. येत्या मार्चमध्ये सर्वांत जुन्या बिलाला तीन वर्षे होतील. आमचा दावा उभा राहील का?

प्रथम हे सांगा, की भागीदारी संस्थेची नोंदणी आहे का? आपल्याकडे भागीदारीपत्र स्टॅम्पपेपरवर केले की काम झाले असे मानतात. पण फर्म्सच्या निबंधकाकडे नोंदणी नसेल तर भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे संस्थेला बाहेरच्या माणसावर कराराच्या हक्काचा दावा लावता येत नाही. दावा लावल्यावर केलेली नोंदणी उपयोगाची नाही. नव्याने दावा लावावा लागतो आणि तोवर मुदत निघून गेलेली असू शकते. त्यामुळे नोंदणी सर्वांत आधी.

खतावणी मराठीत आहे म्हणून ती बाद होत नाही. तिचे भाषांतर जोडावे लागेल, आणि भाषांतर करणाऱ्याला ‘जमा’, ‘नावे’, ‘बाकी पुढे’ हे शब्द कळत असावेत, कारण तिथली एक चूक संपूर्ण हिशेब उलटा करते. नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद पुरावा म्हणून ग्राह्य आहे, परंतु केवळ तिच्या आधारावर कोणावर देणे लादता येत नाही. नोंदीला माल पोचल्याची पावती, टेम्पोचे चलन, जीएसटी बिल किंवा बँकेतली जमा यांचा आधार हवा. व्हॉट्सॲपचे संदेश चालतात. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संदेश कोणत्या फोनमधून घेतले याचे प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून ज्या फोनवर ते आहेत तो विकू नका, बदलू नका.

मुदतीविषयी : उधारीचा ठराविक काळ ठरला नसेल तर माल दिल्यापासून तीन वर्षे, ठरला असेल तर तो काळ संपल्यापासून तीन वर्षे. मुदत संपण्याआधी ठेकेदाराने सहीनिशी बाकी कबूल केली, किंवा स्वतःच्या सहीच्या चेकने काही रक्कम दिली, तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. तेव्हा या आठवड्यात नोंदणीचा अर्ज करा, ठेकेदाराकडून बाकी कबुलीच्या कागदावर सही मिळते का पाहा, आणि नाहीच मिळाली तर नोंदणी हाती येताच, फेब्रुवारी उजाडण्याआधी, मध्यस्थीचा अर्ज प्राधिकरणात देऊन त्याची तारीख असलेली पोच खतावणीत जपून ठेवा.