जुना दाखला आणि परत आलेला अर्ज
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 41 वर्षांचा आहे. मळणीयंत्राच्या अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. 2009 साली जिल्हा रुग्णालयाने 60 टक्के कायम अपंगत्वाचा कागदी दाखला दिला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा ‘ऑनलाइन दाखला आणा’ असे सांगितले, दुसऱ्यांदा दाखल्यावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असल्याचे कारण देऊन अर्ज हातात परत दिला. नवीन तपासणीला गेलो आणि जयपूर फूट लावून तो चालताना दिसला, तर टक्के कमी करतील अशी भीती वाटते. काय करावे?
— एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या भावाचा जुना दाखला रद्द झालेला नाही. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याखाली दिलेले प्रमाणपत्र त्यावर नमूद केलेल्या मुदतीपर्यंत वैध राहते, आणि तुमच्याकडचे तर कायम स्वरूपाचे आहे. तरीही कार्यालय ऑनलाइन दाखला मागते, कारण 1 जून 2021 पासून सर्व नवीन प्रमाणपत्रे केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावरूनच दिली जातात आणि त्यासोबत मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्राचा (यूडीआयडी) क्रमांक आता बहुतेक ठिकाणी विचारला जातो. त्या संकेतस्थळावर नोंदणी करताना जुना दाखला जोडण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

टक्केवारीच्या भीतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या भीतीपायी अनेक जण वर्षानुवर्षे घरीच बसून राहतात. वैद्यकीय मंडळाने पुन्हा बोलावलेच, तरी कापलेल्या अवयवाची टक्केवारी तो कोठून कापला आहे यावरून ठरते. कृत्रिम पाय लावून माणूस किती सफाईने चालतो, यावरून नव्हे. म्हणून भावाला जयपूर फूट घरी ठेवून, कुबड्या घेऊन, दीनवाणे होऊन जायला सांगू नका. निकाल पटला नाही, तर 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 59 अन्वये अपील करता येते.

खरी अडचण नावाची आहे. ओळखपत्र आधारवरील नावाने निघते आणि अनुदानही आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते, त्यामुळे आधारवरचे नाव प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवणे सोपे पडते. आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक आणि दाखला हे चारही कागद एका रात्री शेजारी शेजारी ठेवून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’ ही एकाच व्यक्तीची नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र, आणि शाळा सोडल्याचा दाखला असल्यास तोही, नोंदणीच्या वेळीच जोडावा. गावात सगळे ओळखतात हे खरे. पण तालुक्याचा लिपिक कागदच ओळखतो, आणि उद्या लेखापरीक्षणात त्यालाच उत्तर द्यायचे असते.

मात्र त्याच लिपिकाने अर्ज तोंडी कारण सांगून परत द्यावा, हे मला मान्य नाही. अर्ज आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि त्रुटी असल्यास लेखी कळवण्याची विनंती अर्जातच करा. सेतू केंद्रातून अर्ज भरल्यास त्याची पावती जपून ठेवा. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. पुढे माहितीच्या अधिकारात 30 दिवसांत उत्तर मागायचे झाले, तरी हाताशी आवक क्रमांक लागतो.

योजनेसाठी वय 18 ते 65, किमान 40 टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रातील 15 वर्षांचा रहिवास आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. शिधापत्रिका तुमच्या कुटुंबासोबत एकत्र असेल, तर तलाठी त्याबद्दल विचारणारच, तेव्हा भाऊ कोणासोबत राहतो ते आहे तसे सांगावे. मंजुरी तालुक्याच्या समितीत होते आणि समितीच्या बैठका लांबतात, हे गृहीत धरून चला. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांना दरमहा 1,500 ऐवजी 2,500 रुपये मंजूर झाले आहेत.

प्रश्न : माझ्या प्रमाणपत्रावर 35 टक्के आहेत. ओळखपत्र मिळाले, पण अनुदान नाकारले. हे योग्य आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नियमानुसार योग्य आहे. 40 टक्क्यांहून कमी असणाऱ्यांनाही ओळखपत्र मिळते, परंतु ते पांढऱ्या रंगाचे असते. 40 ते 79 टक्क्यांना पिवळे आणि 80 व त्यापुढे निळे. अनुदानाचा हक्क 40 पासून सुरू होतो. त्रास नंतर वाढला असेल, तर फेरतपासणी मागावी.

प्रश्न : ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी तहसीलच्या अनुदानातून वजा होतो का?
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : नाही. तो ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा निधी आहे आणि त्याचा अर्ज ग्रामसेवकाकडे स्वतंत्रपणे द्यायचा असतो. गेल्या वर्षी तो किती जमला आणि कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला मात्र विसरू नका.