मुलांची ईस्टर बास्केट कशाने भरायची, आणि या सणाचा धार्मिक अर्थ नेमका काय?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण मार्च उजाडला की दरवर्षी कुणी ना कुणी मराठी आई मला हेच विचारते. तुम्ही लिहिलंय की लेक किंडरगार्टनमध्ये आहे, समोरच्या अमेरिकन कुटुंबाने ईस्टरच्या रविवारी एग हंटला बोलावलंय, प्रत्येक मुलाने आपापली बास्केट आणायचीये, तर त्यात भरायचं काय, सशाचा आणि येशूचा संबंध काय, आणि आपण हिंदू असून हे करावं का असं तुमचे मिस्टर विचारतायत. मी मराठी ख्रिस्ती, माहेर नगरचं, गेली 13 वर्षं न्यू जर्सीत आहे आणि इथल्या चर्चमध्ये संडे स्कूलला लहान मुलांना शिकवते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

आधी एक घोटाळा मिटवते. बास्केट दोन असतात. हंटला जी न्यायची ती रिकामी न्यायची! अंगणात यजमानांनी प्लास्टिकची अंडी लपवून ठेवलेली असतात, आत एखादी गोळी, स्टिकर किंवा नाणं असतं, आणि मुलं ती शोधून आपल्या बास्केटमध्ये गोळा करतात. भरलेली बास्केट ही घरची गोष्ट, मुलांना रविवारी सकाळी उठल्या उठल्या मिळते. माझी एक मैत्रीण पहिल्या वर्षी भरगच्च सजवलेली बास्केट घेऊन हंटला गेली आणि लेकीला अंडी ठेवायला जागाच उरली नाही, शेवटी माझ्या पिशवीत ठेवली. आणि हंटला गेलात की यजमानांना आधीच विचारून घ्या प्रत्येकी किती अंडी उचलायची, बऱ्याच घरी आकडा ठरलेला असतो, नाहीतर मोठी मुलं धावत सगळं उचलतात आणि पाच वर्षांची पोर बघत राहते. अंडी उघडून झाली की रिकामी टरफलं परत द्यायची पद्धत आहे, पुढच्या वर्षी त्यांना लागतात.

आता घरची बास्केट भरायची असेल तर. तळाला जे गवत घालतात ते प्लास्टिकचं घेऊ नका, घरभर होतं आणि मांजर असेल तर तिच्या पोटात जातं, त्यापेक्षा हिरवा कागद बारीक कातरून घाला, मुलीकडूनच कातरून घ्या. एक चॉकलेटचा ससा, तो बहुतेक आतून पोकळ असतो, दिसायला केवढा तरी पण खायला बेताचा. चार-पाच छोटी चॉकलेटची अंडी. जेली बीन्स, म्हणजे बीच्या आकाराच्या छोट्या चिकट गोळ्या, पाच वर्षांच्या मुलीला देताना शेजारी बसून द्या, आणि घरात त्याहून लहान भावंड असेल तर घालूच नका, घशात अडकतात. बाकी मी खाण्याचं काही घालत नाही. रंगीत खडू, साबणाचे फुगे, दोरीच्या उड्यांची दोरी, एखादं गोष्टीचं पुस्तक, नवे मोजे, असं घालते, कारण थंडी नुकतीच संपलेली असते आणि पोरांना बाहेर पळायचं असतं. आणि एक बियांचं पाकीट, सूर्यफूल नाहीतर झेंडू. त्या बिया का, ते पुढे सांगते.

तुम्ही शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. मार्शमॅलोची पिवळी पिल्लं आणि ससे दुकानात ढिगाने दिसतात, त्यात जिलेटिन असतं आणि ते बहुतेकदा डुकराचं असतं. बऱ्याच चिकट गमी गोळ्यांतही जिलेटिन असतं. मी इथे नवीन असताना खालच्या मजल्यावरच्या गुजराती मुलाला प्रेमाने एक पाकीट दिलं होतं, त्याच्या आजीने मागचं लेबल वाचलं तेव्हा मला कळलं, अजून आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून लेबल वाचल्याशिवाय कुणाच्या मुलाला काही देत नाही. शेंगदाणा आणि नट्सचंही तसंच, शेजारच्या मुलांसाठी काही भरणार असाल तर त्यांच्या आईला ॲलर्जीचं आधी विचारा.

क्रॉसच्या आकाराचं चॉकलेटही मिळतं. ते मी घेत नाही. ज्या वधस्तंभावर माझा प्रभू मेला तो माझ्या पोरांनी कुरतडून खावा हे माझ्याने होत नाही. इथल्या कितीतरी भाविक बाया हौसेने घेतात, त्यांच्या मनात तसं काही नसतं, हे फक्त माझ्या घरापुरतं सांगितलं.

ससा कुठून आला? बायबलमधल्या ईस्टरच्या गोष्टीत ससा नाही. 1700 च्या सुमाराला आणि त्यानंतर जर्मन लोक पेनसिल्व्हेनियात येऊन वसले, त्यांच्याकडे अशी समजूत होती की ईस्टरच्या आदल्या रात्री ससा येतो आणि गुणी मुलांसाठी रंगीत अंडी ठेवून जातो, म्हणून मुलं आपल्या टोप्या उलट्या करून त्यांची घरटी बनवून ठेवायची. त्या घरट्याचीच पुढे बास्केट झाली. तळाला अजूनही गवत घालतात ते त्यामुळेच. अंड्याची गोष्ट मात्र चर्चशी जोडलेली आहे. ईस्टरच्या आधी 40 दिवसांचा उपवासकाळ असतो, लेंट म्हणतात, आणि जुन्या काळी युरोपात त्यात मांसाबरोबर अंडी-दूधही बंद असायचं, आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो तसं. पण कोंबड्या काही उपास धरत नाहीत ना, अंडी साठत जायची, मग उपास सुटायच्या दिवशी तीच उकडून रंगवून खायची आणि वाटायची. ग्रीक आणि इतर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही अंडी लाल रंगवतात, तो रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा मानतात, आणि कांद्याच्या सालींच्या पाण्यात अंडी उकडायची त्यांची जुनी पद्धत आहे. तुमच्या घरी अंडी चालत असतील तर करून बघा, सुंदर तांबूस रंग येतो.

खरीखुरी धार्मिक बास्केट मला पहिल्यांदा इथे पोलिश लोकांकडे बघायला मिळाली. ईस्टरच्या आदल्या शनिवारी ते टोपलीत उकडलेली अंडी, पाव, मीठ, सॉसेज, हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ आणि लोण्याचं केलेलं छोटंसं कोकरू ठेवतात, वर पांढरं स्वच्छ फडकं, आणि चर्चमध्ये नेऊन फादरकडून आशीर्वाद घेतात. त्याला श्फ्येन्त्सोन्का म्हणतात. मी शेजारच्या आजींबरोबर गेले होते. फादर पाणी शिंपडत रांगेतून येत होते आणि आजींनी फडकं हळूच बाजूला केलं, लोण्याच्या कोकराला डोळ्यांच्या जागी दोन मिरे लावले होते. घरी आल्यावर त्यातलं काही लगेच खात नाहीत, रविवारी सकाळी सगळे जमले की एक अंडं कापून त्याचा तुकडा तुकडा सगळ्यांना देतात आणि मग बाकीचं जेवण. नगरला माझी आजी पहिला घास मोडायच्या आधी प्रार्थना करायची ते आठवलं मला.

त्या कोकरातच सणाचा अर्थ आहे. यहुदी लोकांचा वल्हांडण सण असतो. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, ते गुलाम होते तेव्हा कोकरू मारून त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं आणि मरण त्या घरांना ओलांडून गेलं, ही त्यामागची कथा. वल्हांडण म्हणजे हे ओलांडून जाणं. येशू त्याच सणाच्या दिवसांत यरुशलेमात पकडला गेला, शुक्रवारी वधस्तंभावर मेला, त्याला कबरेत ठेवून तोंडावर धोंड लावली, शनिवार तसाच गेला, आणि रविवारी पहाटे बाया गेल्या तर धोंड बाजूला होती आणि कबर रिकामी. तो मेलेल्यांतून उठला असा आमचा विश्वास आहे. त्याला आम्ही देवाचा कोकरा मानतो, आमच्या पापांसाठी दिलेला. हे नसेल तर ख्रिस्ती धर्मात काही उरत नाही, म्हणून ख्रिसमसपेक्षा हा मोठा सण, जरी बाजारात ख्रिसमसचा गाजावाजा जास्त असला तरी. तारीखही चंद्रावर चालते, 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार. म्हणून बऱ्याच वर्षी ईस्टर आपल्या हनुमान जयंतीच्या आसपास येतो, 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला.

नगरला आमच्याकडे बास्केट नव्हती. काळोखात उठायचं, चारच्या सुमाराला प्रभातफेरी निघायची, पेटी एकाने गळ्यात अडकवलेली, टाळ, मागे आम्ही पोरं झोपेतच, मराठी भजनं म्हणत गल्लीगल्लीतून थेट कब्रस्तानात. तिथे आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवायची आणि उजाडेपर्यंत गायचं. पाळकसाहेब म्हणायचे "प्रभू उठला आहे" आणि सगळी मंडळी म्हणायची "खरोखर उठला आहे". मरणाला घाबरायचं नाही हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, आजोबांच्या कबरीपाशी उभं राहून गाताना ते आपोआप आत गेलं. इथे माझ्या पोरांना ते मिळत नाही, त्यांना ससा मिळतो, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं मला याचा फार त्रास व्हायचा.

मग मी एक करायला लागले. इथे ख्रिस्ती दुकानांत 12 प्लास्टिकच्या अंड्यांचा सेट मिळतो, रिझरेक्शन एग्ज म्हणतात, प्रत्येकात गोष्टीतली एक वस्तू. मी तो घरीच करते, अंड्यांचा रिकामा खोका ठेवते आणि ईस्टरच्या आधी बारा दिवस रोज रात्री एक अंडं उघडायचं. एकात खेळण्यातलं गाढव, कारण येशू गाढवावर बसून शहरात आला. एकात नाणी, त्याचाच शिष्य यहूदा, त्याने चांदीच्या 30 नाण्यांसाठी त्याला धरून दिलं. गुलाबाच्या फांदीचा काटा, खिळा, पांढऱ्या कापडाचा तुकडा, एक खडा. एकात माझ्या गरम मसाल्याच्या डब्यातली लवंग आणि दालचिनी घालते, कारण बाया त्याच्या देहाला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या होत्या, ते अंडं उघडलं की आधी वास येतो आणि मग मुलं आत बघतात. आणि बारावं रिकामं.

धाकटा चार वर्षांचा होता तेव्हा बारावं अंडं उघडायची पाळी त्याची आली. उघडलं, आत बघितलं, उलटं करून हलवलं, आणि रडायलाच लागला, "माझ्यातलं कुणीतरी नेलं!" मी पुढे बोलूच शकले नाही क्षणभर. कारण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूची शिष्या मग्दालीया मरीया कबरेबाहेर रडत उभी असते आणि हेच म्हणते, माझ्या प्रभूला कुणीतरी नेलं, कुठे ठेवलं माहीत नाही. ती मागे वळते, समोर येशू उभा असतो पण तिला वाटतं हा बागेतला माळी, आणि तो फक्त "मरीये" अशी हाक मारतो तेव्हा ती ओळखते. मी धाकट्याला मांडीवर घेऊन ही गोष्ट सांगितली, शेवटी त्याच्याच नावाने हाक मारून दाखवली, आणि तो डोळे पुसत म्हणाला, "परत सांग." तेव्हापासून आमच्याकडे बास्केट त्या रिकाम्या अंड्यानंतरच मिळते, आधी नाही. आणि बिया यासाठी, की येशूनेच म्हटलंय गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर खूप पीक देतो. पोरं त्याच दुपारी त्या कुंडीत लावतात आणि रोज माती उकरून बघतात आलं का.

आता तुमच्या मिस्टरांचा प्रश्न. हंटला खुशाल जा. त्याने कुणाचा धर्म जात नाही, कुणी तुम्हाला प्रार्थना करायला लावणार नाही. घरी बास्केट करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, केलीत तर वसंताची गंमत म्हणून करा, हरकत काहीच नाही. फक्त लेकीने विचारलं की हे लोक काय साजरं करतायत तर "काही नाही गं, चॉकलेटचा सण आहे" असं सांगू नका एवढी माझी कळकळीची विनंती. सरळ सांगा, येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी परत जिवंत झाला असा यांचा विश्वास आहे म्हणून ते आनंद करतात. पाच वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. तुम्ही दिवाळीला त्यांच्या दारात फराळाचं ताट घेऊन गेलात आणि त्यांनी मुलांना सांगितलं की हा शंकरपाळ्यांचा सण आहे, तर कसं वाटेल तुम्हाला? सशाबद्दल मी माझ्या मुलांना पहिल्यापासून खरं सांगितलंय की बास्केट आईबाबा भरतात, पण शेजारची मुलं ससा खरा मानत असतील तर त्यांच्यासमोर बोलायचं नाही हेही बजावलंय.

जाताना हात हलवत जाऊ नका, थोडं श्रीखंड किंवा घरचे लाडू न्या. आणि एक गोष्ट आपले लोक हमखास चुकतात ती सांगते, शुक्रवारी समोरच्यांशी भेट झाली तर हॅपी गुड फ्रायडे म्हणू नका, तो आमचा दुःखाचा दिवस असतो, नुसतं हसून पुढे गेलात तरी पुरे. रविवारी मात्र गेटमधूनच मोठ्याने हॅपी ईस्टर म्हणा, आणि लेकीच्या हातात रिकामी बास्केट द्यायला विसरू नका.