चिनी पुढे आणि ओकिनावन मागे? हवाईतली गोष्ट जरा वेगळी आहे

तुमचा प्रश्न असा आहे: परदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी आणि ओकिनावन (जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरच्या) वंशाच्या लोकांपैकी आर्थिक, सामाजिक दृष्ट्या कोण पुढे गेलं? आणि चिनी जात्याच व्यापारी, ओकिनावन जात्याच शेतकरी, म्हणून हा फरक पडला का? मी होनोलुलूत नऊ वर्षं राहिले आणि दोन्हीकडच्या घरांशी माझा घरोबा झाला, म्हणून सविस्तर लिहिते. बहुतेक हवाईबद्दलच लिहीन. पेरू आणि बोलिव्हियाचा उल्लेख शेवटी करते, कारण त्यांच्याशिवाय तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही.

सुरुवात जानेवारी १९०० पासून करू. ८ जानेवारीला ओकिनावाहून निघालेले पहिले २६ पुरुष होनोलुलूला उतरले आणि त्यांची रवानगी एवाच्या ऊसमळ्यावर झाली. त्यानंतर बाराच दिवसांनी, २० जानेवारीला, होनोलुलूचं चायनाटाउन जळालं. शहरात प्लेग होता, आरोग्य मंडळ लागण झालेली घरं ठरवून जाळत होतं. त्या दिवशी वारा फिरला, काउमाकापिली चर्चच्या मनोऱ्यांनी पेट घेतला आणि आग आवरली नाही. चार हजारांवर माणसं बेघर झाली. जळालं त्यात चिन्यांची दुकानं होती, भरलेला माल होता, वखारी होत्या. म्हणजे एका समाजाकडे तोवर गमावण्यासारखं पुष्कळ काही जमलं होतं, आणि दुसरा समाज अंगावरच्या कपड्यांनिशी बंदरात उभा होता. तुलना करायची तर हे अंतर आधी ध्यानात घ्यायला हवं.

चिनी मजुरांचं पहिलं जहाज 'थेटिस' ३ जानेवारी १८५२ ला आलं. चीनच्या अमॉय बंदराहून आलेले १९५ मजूर, पाच वर्षांचा करार, महिन्याला तीन डॉलर आणि वर अन्न, वस्त्र, निवारा. पुढे बहुतेक जण ग्वांगडोंग प्रांतातल्या झोंगशान भागातून आले. १८५२ ते शतक संपेपर्यंत सुमारे ४६ हजार चिनी हवाईत आले. त्यातले बरेच कमाई करून, किंवा हरून, परत गेले. जे राहिले त्यांनी करार संपताच ऊसमळा सोडला. १८८२ मध्ये मळ्यांवरचे जवळपास निम्मे मजूर चिनी होते. १९०२ पर्यंत दहातला एकही उरला नव्हता.

ते गेले कुठे? सगळे दुकानात गेले असं लोक समजतात, पण मोठी संख्या भातशेतीत गेली. रोगराईने मूळ हवाईयन लोकसंख्या भयंकर घटली होती आणि त्यांची तारोची (अळूसारख्या कंदाची) पाणथळ खाचरं ओस पडत होती. चिन्यांनी ती खंडाने घेतली, बांध दुरुस्त केले, म्हशी जुंपल्या आणि तिथे भात लावला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उसाखालोखाल भात हे हवाईचं दुसरं पीक होतं आणि ते जवळजवळ पूर्णपणे चिनी हातांत होतं. गिऱ्हाईक होतं कॅलिफोर्निया. कॅलिफोर्नियाने स्वतः भात पिकवायला घेतला तशी ही शेती बसली, पण तोवर पुढची पिढी शाळा शिकून शहरात पोचली होती. बरेच चिनी पुरुष एकटे आले होते आणि त्यांनी हवाईयन बायकांशी संसार थाटले. त्यामुळे जमिनीशी, गावाशी आणि भाषेशी त्यांचं नातं जुळलं. चुन आफोंगसारखा व्यापारी १८४९ मध्ये आला आणि लखपती झाला, हे खरं. पण त्याच्याकडे पाहून सगळ्या समाजाला 'जात्याच व्यापारी' म्हणणं म्हणजे खाचरात उभ्या असलेल्या हजारो माणसांना पुसून टाकणं आहे.

आता एक गोष्ट, जी आकडे वाचताना बहुतेकांच्या नजरेतून सुटते. १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई ताब्यात घेतलं आणि चिनी मजुरांना दार बंद झालं. त्यापुढे सुमारे अर्धं शतक नवे गरीब चिनी जवळपास आलेच नाहीत. समाज लहान, शहरात एकवटलेला, शिकलेल्या मुलांचा. सरासरी वर जाणारच. १९५० च्या जनगणनेत हवाईतल्या चिनी पुरुषांचं मध्यम उत्पन्न गोऱ्या पुरुषांपेक्षाही थोडं जास्त भरलं. हायरम फोंग १९०६ मध्ये ऊसमळ्यावरच्या मजुराच्या घरात जन्मले, हार्वर्डमधून वकील झाले आणि १९५९ मध्ये अमेरिकी सिनेटवर निवडून आलेले आशियाई वंशाचे पहिले सदस्य ठरले. मजुराच्या पोरापासून सिनेटरपर्यंतची ही वाट एका पिढीत तुडवली गेली. पण तिच्याखाली पन्नास वर्षांचा भराव होता.

ओकिनावनांकडे तो भराव नव्हता. र्‍युक्यू हे ओकिनावाचं जुनं राज्य जपानने १८७९ मध्ये खालसा केलं. १८९८ पासून तिथल्या तरुणांवर सक्तीची लष्करभरती आली. १८९९ ते १९०३ च्या दरम्यान गावकीची सामायिक जमीन खासगी मालकीची झाली, आणि त्यामुळे ती गहाण टाकून जहाजाचं भाडं उभं करणं पहिल्यांदाच शक्य झालं. १९०० च्या जूनमध्ये हवाईत अमेरिकी कायदा लागू झाल्यावर करारबद्ध मजुरी रद्द झाली. ओकिनावनांना निदान पाच-पाच वर्षं कोणाला बांधून राहावं लागलं नाही, ही त्यांच्या बाजूची एक गोष्ट. पण १९०८ मध्ये मजुरांचं येणं रोखलं गेलं आणि १९२४ च्या कायद्याने दार पुरतं बंद झालं. मधल्या काळात आधी आलेले लोक आपल्या बायका-मुलांना बोलावू शकत होते, फोटो पाहून ठरलेल्या नवऱ्या येत होत्या. त्यामुळे चिन्यांच्या मानाने ओकिनावनांचे संसार लवकर आणि आपल्याच लोकांत उभे राहिले.

शिवाय त्यांच्या डोक्यावर आणखी एक थर होता. मुख्य जपानी बेटांवरचे लोक, ज्यांना ओकिनावन 'नाइची' म्हणतात, १८८५ पासून हवाईत होते. मुकादमी, दुकानं, देवळं, वर्तमानपत्रं, सगळीकडे तेच. ओकिनावनांची बोली त्यांना कळायची नाही, ओकिनावन बायकांच्या हातावरचं गोंदण त्यांना रानटी वाटायचं, सोयरीक तर नकोच. कागदावर दोघेही जपानी. गोऱ्या मळेवाल्याच्या लेखी दोघांचा दर्जा एकच, आणि मजुरांच्या चाळीत मात्र एक दुसऱ्याच्या खाली. चिन्यांना हे भोगावं लागलं नाही, म्हणजे इतक्या जवळून तरी नाही.

डुकरांबद्दल मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण ओकिनावनांच्या आर्थिक इतिहासाची किल्ली तिथे आहे. ओकिनावन स्वयंपाकात डुकराचं स्थान मोठं. पायापासून कानापर्यंत काही वाया जात नाही. नाइची लोकांना डुकरं पाळणं हलकं वाटायचं, म्हणून तो धंदा मोकळा होता. ओकिनावन कुटुंबं शहराच्या कडेला डुकरं पाळू लागली आणि खानावळींच्या मागच्या दारातून खरकटं गोळा करू लागली. शाळेतली मुलं त्यावरून यमक जुळवून चिडवायची. माझ्या शेजारच्या आजी सांगायच्या, वडील ट्रकमधून शाळेत सोडायला निघाले की त्या एक वळण आधीच उतरायच्या, कपड्यांना वास लागू नये आणि कोणी पाहू नये म्हणून. नव्वदीच्या उंबरठ्यावरही हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

पण त्याच मागच्या दाराने खानावळीत शिरकाव झाला. रोज खरकटं न्यायला येणारा माणूस आचाऱ्याच्या ओळखीचा होतो. त्याचा पुतण्या भांडी घासायला लागतो, मग भाजी चिरायला, मग शेगडीवर. काही वर्षांनी मालक थकतो आणि खानावळ विकायला निघते. ओकिनावाची राजधानी नाहा, तिच्याजवळच्या ओरोकु गावच्या लोकांनी तर यात साखळीच उभी केली. एकाने धंदा शिकायचा आणि गावच्या पुढच्या पोराला हाताखाली घ्यायचं. दुसऱ्या महायुद्धात होनोलुलू सैनिकांनी भरून गेलं, तेव्हा खानावळी आणि डुकरं दोन्हींना मोठी मागणी आली. युद्धानंतर तेरुया बंधूंनी १९४९ मध्ये टाइम्स सुपरमार्केट काढलं, हिगा बंधूंनी १९६६ मध्ये झिपीज ही खानावळ. आज होनोलुलूत राहणारा कोणीही या दोन नावांवाचून आठवडा काढत नसेल.

भांडवल कुठून आलं हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आपल्याकडे ज्याला भिशी म्हणतात त्यातून. ओकिनावन तिला 'मोआई' म्हणतात, जपानी 'तानोमोशी', आणि चिन्यांकडे 'हुई'. दरमहा प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीने किंवा बोली लावून एकाने सगळी उचलायची. बँकेत ज्यांना कोणी उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी हीच बँक. फरक पुढे पडला. चिन्यांनी १९१६ पासून स्वतःच्या बँका काढल्या आणि नंतर भागीदारीत जमिनी नि इमारती घेतल्या. हवाईत अशा भागीदारीलाही हुईच म्हणतात. ओकिनावनांची भिशी जास्त काळ गावापुरती राहिली आणि पैसा एका चालत्या धंद्यात गेला: खानावळ, किराणा, कुक्कुटपालन. त्यामुळे चिनी घरांत स्थावर मालमत्ता आधी दिसते, ओकिनावन घरांत धंद्याची मालकी. गिरणगावातल्या कोकणी गावमंडळांचे गाळे आणि फंड ज्यांनी पाहिलेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

ओकिनावनांचा पैसा आणखी एका दिशेला गेला, तो म्हणजे घरी. १९२० च्या दशकात साखरेचा भाव कोसळून ओकिनावात उपासमार आली. लोक सायकॅडच्या झाडांचा विषारी गर धुऊन खात होते. मग १९४५ ची लढाई झाली आणि बेटावर काही उरलं नाही. युद्धाआधी लाखाच्या घरात असलेली डुकरं काही हजारांवर आली. हवाईतल्या ओकिनावनांनी सुमारे पन्नास हजार डॉलर जमवले, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ५५० डुकरं विकत घेतली आणि १९४८ मध्ये पोर्टलंडहून लष्करी जहाजावर चढवली. सोबत सात जण गेले. वादळात पिंजरे मोडले, ते त्यांनी वाटेतच दुरुस्त केले. ती डुकरं गावोगाव वाटली गेली आणि काही वर्षांत कळप पुन्हा भरले. ज्या जनावरावरून त्यांना हिणवलं गेलं तेच त्यांनी आपल्या माणसांसाठी समुद्रापार पाठवलं. या मदतकार्यातून हवाईतल्या गावोगावच्या मंडळांची एकजूट झाली आणि १९५१ मध्ये त्यांची एकत्र संघटना उभी राहिली. १९९० मध्ये वाइपिओत त्यांचं स्वतःचं केंद्र उघडलं. २०१४ मध्ये डेव्हिड इगे हवाईचे गव्हर्नर निवडून आले. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचे ते ओकिनावन वंशाचे पहिले गव्हर्नर.

तर 'कोण पुढे?' या प्रश्नाला आकड्यांत उत्तर मागाल तर अडचण येते. चिन्यांचा तक्ता मिळतो, ओकिनावनांचा जवळजवळ मिळत नाही. जनगणनेत बहुतेक ओकिनावन 'जपानी' या रकान्यात मोजले जातात. २०१० मध्ये अख्ख्या अमेरिकेत स्वतःहून 'ओकिनावन' लिहिणारे ११ हजारांच्या आसपास होते, तर एकट्या हवाईत ओकिनावन वंशाचे पंचेचाळीस-पन्नास हजार लोक असल्याचं मानलं जातं. चिन्यांच्या तक्त्यातही गोम आहे. २०१० मध्ये हवाईत फक्त चिनी वंश सांगणारे सुमारे ५५ हजार आणि मिश्र वंशाचे धरून सुमारे दोन लाख. पहिल्या गटात १९६५ नंतर आलेले, हॉटेलांत खोल्या साफ करणारे, चायनाटाउनच्या दोन खोल्यांत राहणारे बरेच जण आहेत. फोंग यांच्या पिढीची नातवंडं मोठ्या संख्येने दुसऱ्या गटात. दोघांची मिळून सरासरी काढली तर ती यांतल्या कोणाचीच राहत नाही. आपल्याला हे अगदी परकं नाही. मॉरिशसच्या राज्यघटनेत चिनी वंशाला वेगळा रकाना आहे आणि तिथली मराठी माणसं 'हिंदू' या मोठ्या रकान्यात विरून जातात.

आता 'जात्याच' या शब्दाकडे येते. पेरूत १८४९ ते १८७४ दरम्यान सुमारे एक लाख चिनी मजूर नेले गेले, आठ-आठ वर्षांच्या करारावर, ग्वानो (खत म्हणून खणली जाणारी समुद्रपक्ष्यांची विष्ठा) बेटांवर नि ऊस-कापसाच्या मळ्यांवर. अवस्था गुलामीच्या जवळची, बायका नाममात्र. तिथेही पुढे लिमाच्या कापोन गल्लीत चिनी खानावळी उभ्या राहिल्या, पण कितीतरी वंशज स्थानिक समाजात मिसळून नावापुरतेही चिनी उरले नाहीत. ओकिनावन १९०६ पासून गेले आणि आज पेरूतल्या जपानी वंशाच्या लोकांत त्यांचंच बहुमत आहे. तिथे ते शहरात छोटी दुकानं चालवणारे झाले. मे १९४० च्या दंगलीत जपान्यांची म्हणून जी दुकानं लुटली गेली त्यात तीही होती. म्हणजे पेरूत ओकिनावन 'व्यापारी' ठरले.

बोलिव्हियात तर चित्र आणखी बदलतं. लढाईने उद्ध्वस्त झालेल्या आणि अमेरिकी तळांनी जमिनी घेतलेल्या ओकिनावातून १९५४ पासून कुटुंबं बोलिव्हियातल्या सांताक्रूझ प्रांताच्या रानात गेली. पहिल्या वसाहतीत साथीच्या रोगाने माणसं मेली, जागा बदलावी लागली. पण प्रत्येक कुटुंबाला ५० हेक्टर जमीन मिळाली होती. आज 'कोलोनिया ओकिनावा'तले लोक सोयाबीन आणि गव्हाचे मोठे जमीनदार आहेत आणि बोलिव्हियन मजूर त्यांच्याकडे राबतात. बेटं तीच, गावंही कित्येकदा तीच. हवाईत गेला तो खरकटं गोळा करत होता आणि बोलिव्हियात गेला तो ट्रॅक्टरवर बसला, कारण जमीन कोणाला, कधी आणि कोणत्या अटीवर मिळाली ते वेगळं होतं.

माझं मत विचाराल तर हवाईत आज या दोन समाजांत उत्पन्नाचा नि शिक्षणाचा फरक फारसा उरलेला नाही. स्थावर मालमत्तेत जुनी चिनी घराणी पुढे आहेत, संघटनेत आणि आपल्या लोकांना धरून राहण्यात ओकिनावन. तुम्ही यावर प्रबंध लिहिणार असाल तर दोन समाजांच्या सरासरी शेजारी ठेवू नका. आगमनाचं दशक ठरवून घ्या, आणि १९०० च्या सुमारास आलेल्या चिनी व ओकिनावन कुटुंबांच्या तीन पिढ्यांचे व्यवसाय लावून पाहा. माझ्या शेजारच्या आजींचं घराणं असं लावलं तर तीन ओळी भरतात: ऊसमळा, डुकरं, आणि नात शाळेची मुख्याध्यापिका.