रागाला प्रार्थनेत जागा दे

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली की थोरला चुळबुळ करतो, धाकटी रुसून बसते आणि शेवटी तूच ओरडतोस. पाचही दशकं, म्हणजे माळेतले दहा-दहा मण्यांचे भाग, एका बैठकीत झालीच पाहिजेत, हा हट्ट तूर्त सोड. लहान मुलांना एक दशक पुरे आहे. वेळ आणि जागा मात्र बदलू नकोस. रोज तेच घडतं याचा मुलांना मोठा आधार वाटतो.

दुसरं जरा कडक सांगतो. "असं केलंस तर देव रागावेल" हे वाक्य घरातून हद्दपार कर. आणि चिडलेल्या मुलाला "जा, प्रार्थना कर" म्हणून आत पाठवू नकोस, त्याला ती शिक्षाच वाटते. आधी जवळ घे, "राग आलाय ना?" असं विचार. बायबलमध्ये मित्र लाजर मेला तेव्हा येशू रडला (योहान 11:35), आणि तिथल्याच तेराव्या स्तोत्राची सुरुवातच तक्रारीने होते: परमेश्वरा, कुठवर? मग तुझ्या मुलीनेच हसऱ्या चेहऱ्याने हात का जोडायचे?

झोपण्याआधी दिवसाची उजळणी करा. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस याने सोळाव्या शतकात आपल्या साथीदारांना शिकवलेली ही रीत मुलांसाठी दोन प्रश्नांत बसते: आज कशाने बरं वाटलं? कशाने वाईट वाटलं? पहिलं उत्तर तू दे, खरंखुरं दे. मुलं बोलतील तेव्हा मधेच दुरुस्ती करू नकोस, उपदेश तर नाहीच. "माहीत नाही" हेही उत्तर चालतं.

पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरच्या 2016 च्या पत्रात घरासाठी तीन शब्द सांगितले: कृपया, धन्यवाद, माफ कर. यातला तिसरा बापाच्या तोंडून सहसा निघत नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं "मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा" (6:1) आपण मुलांना तोंडपाठ करून घेतो; तीनच ओळी खाली "बापांनो, मुलांना चिडीस आणू नका" असंही लिहिलंय, तिथवर फारसं कुणी पोचत नाही.

थोरला सातचा होतोय, म्हणजे पहिलं पापनिवेदन, फादरांपुढे आपल्या चुका कबूल करणं, जवळ आलं. याची खरी तयारी घरातच होते. चूक कबूल केली की बोलणी बसतात हे शिकलेलं मूल फादरांपुढेही लपवाछपवीच करणार. तू ओरडलास त्या दिवशी दिवे मालवायच्या आत त्याची माफी माग, आणि "पण तूसुद्धा..." हे शेपूट जोडू नकोस.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याच्या आठवड्यांतल्या, चार मेणबत्त्यांवरून भांडणं होणारच. पाळ्या आधीच ठरव. पाळी येईपर्यंत थांबणं हाही त्या काळाचाच भाग आहे.

मिस्सात, चर्चमधल्या उपासनेत, मागे बसत असशील तर पुढे बस. मुलांना वेदी दिसली की निम्मी कुरकुर कमी होते. तरीही धाकटी रडली तर बाहेर ने, शांत झाली की परत आण, आणि वळून बघणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

दोघांनाही माझा आशीर्वाद सांग.

तुझा,
काका