वकील वडिलांचे कागद विद्यापीठाला देताना घरची पत्रं बाजूला काढावीत का?

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडिलांनी सोलापुरात आयुष्यभर कामगारांची वकिली केली, आता ते नाहीत, घर विकायचंय, आणि एका विद्यापीठाच्या इतिहास अभिलेखागाराने, म्हणजे जुने कागद जपून अभ्यासकांना दाखवणाऱ्या विभागाने, त्यांचे सगळे कागद मागितलेत. आईंचं म्हणणं, केसच्या फायली खुशाल द्या, पण पत्रं, डायऱ्या आणि घरखर्चाच्या वह्या जाळून टाका. मी सोलापूरचीच आहे आणि असे संग्रह लावणं, त्यांच्या याद्या करणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जाळू नका आणि वेगळंही करू नका. सगळं एकत्र द्या. जे आज कुणी वाचू नये असं आईंना वाटतं त्यावर मुदतीची अट घाला. तशी अट घालता येते, आणि चांगलं अभिलेखागार ती पाळतं.

एकत्र का, तर एक उदाहरण देते. गिरणगावात दवाखाना असलेल्या एका डॉक्टरांचा संग्रह माझ्या हातून गेला. त्यांच्या दवाखान्याच्या रजिस्टरात काही आठवडे असे होते की रुग्णाचं नाव आहे, औषध आहे, आणि फीच्या रकान्यात नुसतं ‘नंतर’. पानभर ‘नंतर’. रजिस्टर एकटंच आलं असतं तर डॉक्टरांनी हिशोब नीट ठेवला नाही असंच कुणी म्हटलं असतं. पण सोबत त्यांच्या पत्नीच्या घरखर्चाच्या वह्या होत्या. त्याच आठवड्यांत दुधापुढे ‘उधार’, किराण्यापुढे ‘उधार’, आणि समासात बारीक अक्षरात ‘गिरणी अजून बंद’. संपात डॉक्टर फुकट तपासत होते आणि त्याचा भार घरातली बाई वाण्याकडे उधारी करून पेलत होती, हे दोन वह्या शेजारी ठेवल्यावरच कळलं. त्यातली एक ‘व्यावसायिक’ आणि दुसरी ‘घरगुती’ म्हणून वेगळी काढली असती तर दोन्ही मुक्या झाल्या असत्या.

तुमच्या वडिलांच्या कागदांचं महत्त्व तर आणखी जास्त आहे. न्यायालयं निकाली प्रकरणांचे बरेचसे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्या दप्तरांचं काय होतं हे सोलापूरकराला सांगायला नको. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरणी कामगार काय मागत होते, 1966 चा विडी कामगार कायदा आल्यावर घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना तो कितपत लागू पडला, हे बघायचं तर वकिलाच्या कपाटातली प्रत ही पुष्कळदा एकमेव प्रत असते. त्यातले अर्ज बघा. खाली अंगठा, अंगठ्याशेजारी लिहून देणाऱ्याचं नाव, मजकूर मराठीत आणि पाठीमागे कुणीतरी तेलुगूत केलेली टिपणं. तेलुगू, कन्नड, उर्दू असं काही सापडलं तर ‘वाचता येत नाही’ म्हणून बाजूला टाकू नका. आपलं शहर याच भाषांत बोलत आलंय.

घरातले कागद गेले की काय होतं याचंही सोलापूरइतकं बोलकं उदाहरण नाही. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. सरकारने आपल्या बाजूचा पत्रव्यवहार, अहवाल, तारा सगळं जपून ठेवलं. पण त्या दिवसांत मंगळवार पेठेतल्या किंवा साखर पेठेतल्या घरात काय बोललं जात होतं, कोण कुणाला काय लिहीत होतं, ते शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं. तिकडे केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्राने भारतात राहून गेलेल्या इंग्रज कुटुंबांकडून घरगुती पत्रं, डायऱ्या, आठवणी मागून घेतल्या आणि जपल्या. त्यामुळे साहेबाच्या बायकोने उन्हाळ्याबद्दल काय लिहिलं ते आज वाचता येतं. आपल्या माणसांचं लिहिलेलं मात्र आपणच रद्दीत घालतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आईंची काळजी. ती रास्त आहे, तिला भाबडी समजू नका. पत्रांत आजारपणं असतील, भावाभावांची भांडणं असतील, उसने पैसे असतील. यासाठी दानपत्रात स्पष्ट लिहून घ्यायचं: अमुक गठ्ठा आईंच्या हयातीत बंद, किंवा अमुक सालापर्यंत बंद, त्यानंतर अभ्यासकांना खुला. गठ्ठा सीलबंद देता येतो. यादीत त्याची नोंद फक्त ‘कौटुंबिक पत्रव्यवहार, बंद’ एवढीच राहते. ‘कायमचं बंद’ अशी अट मात्र घालू नका, कुठलंही शहाणं अभिलेखागार ती घेणार नाही आणि घेऊही नये. माझा अनुभव असा की हे कागदावर लिहून दाखवलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आईंना अभिलेखागारातल्या माणसाशी थेट बोलू द्या. शक्य असेल तर त्यांना घेऊन जा, खोली दाखवा.

अशिलांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो घरच्या गोष्टींपेक्षा नाजूक आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं वकिली संपली तरी गोपनीयच राहतं. म्हणून केसच्या फायली जशाच्या तशा खुल्या करायच्या नसतात. अभिलेखागाराला सांगा की फायलींना मुदत हवी, आणि मुदतीनंतरही अभ्यासकाने नावं न छापण्याचं लेखी कबूल केल्याशिवाय त्या हातात द्यायच्या नाहीत. जी प्रकरणं अजून चालू आहेत ती ज्या वकिलांकडे गेली असतील त्यांच्याकडे सोपवा. खरेदीखतं, मृत्युपत्रं, सेवापुस्तकं अशी अशिलांची मूळ कागदपत्रं सापडली तर ती त्यांना परत करा. काढून घ्यायचं ते एवढंच. आणि जिथून काढाल तिथे एक चिठ्ठी ठेवा: ‘इथून अमुक कागद काढला, अमुक तारखेला, मालकाला परत केला.’

एक कायद्याची बाब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वडिलांना आलेली पत्रं हा कागद म्हणून तुमचा आहे, पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. तो तुम्ही दानपत्रात देऊ शकत नाही, तेव्हा ‘सर्व हक्क देत आहोत’ अशा छापील वाक्यावर डोळे मिटून सही करू नका. वडिलांनी स्वतः लिहिलेल्याचे हक्क सगळ्या वारसांचे, म्हणजे भावंडांच्या सह्या लागतील.

कागद हलवण्याआधी प्रत्येक कपाटाचे आणि ट्रंकेचे फोटो काढा, काहीही बाहेर न काढता. ट्रंकांना, कप्प्यांना आकडे द्या. फायली तारखेने लावायचा मोह होईल, तो आवरा. वडिलांनी दोन फायली शेजारी ठेवल्या होत्या यालाही अर्थ असतो, आणि एकदा मोडलेली रचना कुणालाच परत लावता येत नाही. फायलीवर त्यांच्या हातचं नाव असेल तर ते पुठ्ठ्यासकट राहू द्या. पाकिटं फेकू नका, पोस्टाचा शिक्का तिथेच असतो.

गंजलेल्या टाचण्या ओढू नका. फाटलेल्यावर सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा सोडवता येत नाही. आणि सोलापूरच्या उन्हात कागद वाळत घालू नका. पापड-कुरडयांना लागतं ते ऊन कागदाचा जीव घेतं. वाळवी दिसली तर तो गठ्ठा वेगळ्या पिशवीत बंद करून अभिलेखागाराला आधीच कळवा, नाहीतर त्यांच्या बाकीच्या संग्रहांनाही लागेल. फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने.

विद्यापीठाचं नाव मोठं आहे एवढ्यावर हो म्हणू नका. यादी कोण करणार, किती दिवसांत, आणि ती लोकांना कुठे बघायला मिळणार, हे विचारा. नेमलेला माणूस आहे की एका प्राध्यापकांच्या उत्साहावर चाललंय? ते निवृत्त झाल्यावर किल्ली कुणाकडे? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरीकडे बघा. जमलं तर सोलापुरातच राहील असं बघा, केगावला आपल्या सोलापूर विद्यापीठातही जाऊन विचारा. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांचे कागद आज दिल्लीत आहेत. तिथे ते सुरक्षित आहेत, पण इथल्या एम.ए.च्या पोराला ते बघायला रेल्वेचं तिकीट काढावं लागतं. अर्थात इथे नीट जागा नसेल तर लांबची सुरक्षित जागा केव्हाही बरी.

वडिलांचे कारकून हयात असतील तर त्यांना आधी गाठा. कुठली फाईल कुणाची, पत्रातले ‘अण्णा’ म्हणजे कोण, डायरीतल्या तारखांपुढची खूण कशाची, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांना फायली दाखवत बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करा. ते रेकॉर्डिंगही संग्रहासोबत द्या.

आणि फॅक्सचे गुळगुळीत कागद असतील तर त्यांची झेरॉक्स याच आठवड्यात काढून घ्या. त्यावरची अक्षरं आपोआप पुसट होत जातात आणि दानपत्राची बोलणी पुरी होईपर्यंत थांबत नाहीत.