नापास कोण होते: चाचणी की उदाहरण?

दस्तऐवजातील कोडची उदाहरणे आपोआप तपासणाऱ्या साधनाचे संदेश मराठीत लिहिताना ‘चाचणी नापास झाली’ म्हणावे की ‘चाचणी अयशस्वी झाली’, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते पहिला प्रयोग टाळावा आणि दुसरा वेगळ्या प्रसंगासाठी राखून ठेवावा.

मराठीत नापास होतो तो परीक्षेला बसलेला, परीक्षा नव्हे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत (भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहात) २००१ पासून, म्हणजे २.१ या आवृत्तीपासून, असलेले डॉकटेस्ट हे मॉड्यूल मजकुरातील >>> या खुणेपुढचा कोड चालवते आणि निघालेले आउटपुट खाली लिहिलेल्या आउटपुटशी अक्षरशः ताडून पाहते. तेव्हा परीक्षेला बसते ते उदाहरण, आणि फरक सापडला तर चाचणीने आपले काम चोख केलेले असते.

तरीही ‘उदाहरण नापास झाले’ हे सरसकट लिहिणे मला पटत नाही, कारण त्यात दोष कोणाचा हे आधीच ठरवले जाते. अक्षरमालांचा सेट (ठरलेला क्रम नसलेला संग्रह) छापला, तर पायथन ३.३ पासून हॅशमध्ये, म्हणजे घटक साठवण्यासाठी त्यांच्यावरून काढल्या जाणाऱ्या संख्येत, मुद्दाम आणलेल्या यादृच्छिकतेमुळे घटकांचा क्रम दर वेळी बदलू शकतो. एखाद्या ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ता छापला, तर तोही बदलतो. अशा वेळी कोड बरोबर असतो, लेखकाचे स्पष्टीकरणही बरोबर असते, फक्त न टिकणारी गोष्ट शब्दशः ताडायला दिलेली असते, आणि तिथे सेट क्रमवारी लावून छापणे किंवा पत्त्याच्या जागी लोपचिन्ह (...) चालेल असा पर्याय देणे हाच उपाय असतो. याउलट ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३ असे लिहिलेले असेल आणि यंत्र ०.३०००००००००००००००४ दाखवत असेल, तर दस्तऐवजातला मजकूरच दुरुस्त करायला हवा. दोन्ही प्रसंगांत खरे ठरणारे वाक्य एकच आहे: ‘आउटपुट जुळले नाही’. त्याखाली ‘अपेक्षित’ आणि ‘मिळाले’ असे दोन मथळे द्यावेत, म्हणजे वाचणारा थेट तफावतीकडे पाहील.

‘चाचणी अयशस्वी’ हा प्रयोग आपण क्षेपणास्त्राच्या बातम्यांत वाचतो आणि तो तिथे योग्यच आहे, कारण तिथे चाचणी हा स्वतःच एक उपक्रम असतो. ज्याची उदाहरणे तपासायची ते मॉड्यूल इम्पोर्टच न झाल्यामुळे, म्हणजे लोडच न झाल्यामुळे, एकही उदाहरण चालवता आले नाही, तर हे शब्द इथेही शोभतील.