गोठ्याचं कलादालन: भिंत आधी, चित्रं नंतर

प्रश्न: कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांनी गोठ्यातच चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची लोककला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभारलं. आमचाही जुना चिरेबंदी गोठा रिकामा आहे. कागदावरची चित्रं तिथे टिकतील का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: टिकतील, पण रंगकामाची घाई नको. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलेल्या चिऱ्यात क्षार असतात. ते ओल ओढतात आणि भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, फुटतो. तो कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार पुन्हा आत जिरतात. गिलावा चुन्याचाच करा. सिमेंटने ओल कोंडते आणि वर्ष-दोन वर्षांत पोपडे सुटतात.

फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना दोन सेंटिमीटर जाडीचे लाकडी ठोकळे लावा, म्हणजे मागून हवा खेळेल. काच कागदाला टेकू देऊ नका. मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. कौलांमधली उजेडाची काच मात्र झाका. नैसर्गिक रंगांना ५० लक्सहून (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश सोसत नाही. चामड्याच्या बाहुल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या की बुरशी धरतात, त्यामुळे सुती कापडच वापरा. आणि जून ते सप्टेंबर मूळ चित्रं उतरवून भिंतीवर छापील प्रती लावलेल्या बऱ्या.